घशाचा कॅन्सर : पस्तीस शेक, एकही खाडा नको



वस्तीत कुणाचा आवाज बसला तर ती काही बातमी नसते. जयंतीच्या मिरवणुकीत घोषणा देऊन आवाज बसतो, थंडीत बसतो, सिमेंटच्या धुळीनेही बसतो. म्हणून आमच्या वस्तीतल्या एका दादांचा आवाज चार महिने घोगरा होता तेव्हा कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. दादा बांधकामावर बिगारी काम करायचे. खिशात तंबाखू-चुन्याची पुडी, संध्याकाळी थोडी दारू. गल्लीतल्या दवाखान्यातून तीन वेळा गोळ्या आणि गुळण्यांचं औषध आणलं. मग मानेला गाठ आली, तेव्हा आम्ही त्यांना मोठ्या रुग्णालयात नेलं. निदान झालं स्वरयंत्राचा कॅन्सर, तिसरा टप्पा. डॉक्टरांनी सात आठवड्यांचं रेडिएशन आणि त्याच्या जोडीला केमो सांगितली. सरकारी योजनेत नाव लागलं, पैसे भरायचे नव्हते. आम्हाला वाटलं, आपलं काम झालं.

अठराव्या दिवसानंतर दादा रुग्णालयात गेलेच नाहीत. तोंड आतून सोलवटलं होतं, पाण्याचा घोट उतरत नव्हता, मानेची कातडी काळी पडली होती. शेजारच्यांनी सांगितलं, "हे औषध नाही, माणसाला जाळणं आहे." गावाकडे कुणी झाडपाला देतो म्हणून ते गावी गेले. अडीच महिन्यांनी परत आले तेव्हा श्वास घेण्यासाठी गळ्याला छिद्र पाडावं लागलं. बरं होण्याची पहिली संधी हातची गेली होती. पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही.

दादांना आम्ही रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचवलं, पण दोन उपचार एकत्र का देतात, सात आठवडेच का, मध्येच सोडलं तर काय होतं, हे त्यांना किंवा वहिनींना नीट बसून समजावलं नाही. ती चूक आमची. हा पाठ त्या चुकीतून लिहिला आहे. घरात सर्वांसमोर मोठ्याने वाचावा, ही विनंती.

घशाचा कॅन्सर म्हणजे नेमका कुठला?

गाल, हिरडी आणि जिभेचा पुढचा भाग हे झालं तोंड. तिथल्या कॅन्सरला बहुतेक वेळा आधी ऑपरेशन करतात आणि गरजेनुसार नंतर रेडिएशन व केमो देतात. त्याच्या मागे आणि खाली, म्हणजे जिभेचं मूळ, टॉन्सिल, अन्ननलिकेच्या तोंडाचा भाग आणि स्वरयंत्र, यांना आपण ढोबळमानाने घसा म्हणू. हा पाठ त्या घशाबद्दल आहे.

कारणं आपल्या ओळखीची आहेत : तंबाखू, गुटखा, मिश्री, विडी-सिगारेट आणि दारू. तंबाखू आणि दारू दोन्ही असतील तर धोका नुसता बेरजेने नाही, कितीतरी पटीने वाढतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी कुठे मिळते हे वस्तीतल्या लहान मुलालाही माहीत असतं. काही घशाचे कॅन्सर एका विषाणूमुळेही होतात, त्यामुळे व्यसन नसलेल्या माणसानेही लक्षणं अंगावर काढू नयेत.

लक्षणं अशी : तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, गिळताना अडकणं किंवा दुखणं, मानेत न दुखणारी गाठ, कान चांगला असूनही एकाच बाजूला कानात ठणका, थुंकीत रक्त, कारण नसताना वजन घटणं. यातलं एक जरी असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीने घसा बघून घ्यावा. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलं तर घाबरू नये. "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" हा गैरसमज आहे. तुकडा तपासल्याशिवाय कोणता रोग आणि कोणता उपचार हे ठरतच नाही.

दोन उपचार एकत्र का देतात?

रेडिएशनला आपल्याकडे कुणी "लाईट" म्हणतं, कुणी "शेक". त्यात आग नसते आणि विजेचा झटकाही नसतो. यंत्रातून निघणारे किरण दिसत नाहीत आणि आत जाताना जाणवतही नाहीत. ते पेशीच्या आतल्या डीएनएचा धागा तोडतात. धागा तुटला की पेशीला वाढता येत नाही आणि ती मरते. पण पेशी लबाड असते, ती तुटलेला धागा पुन्हा जोडायला बघते.

इथे केमोचं काम सुरू होतं. घशाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनसोबत सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे सिस्प्लॅटिन. ते सलाईनमधून देतात. रक्तातून ते कॅन्सरच्या पेशीत शिरतं आणि त्या धाग्याला चिकटून बसतं, मग किरणांनी केलेली तोड पेशीला दुरुस्त करता येत नाही. म्हणजे किरण तोडतात आणि औषध जोडू देत नाही. हे औषध स्वतःही काही पेशी मारतं. म्हणूनच दोन्ही एकाच काळात द्यावे लागतात. "आधी शेक संपू दे, केमोचं पुढच्या वर्षी बघू" असं यात चालत नाही.

याचा फायदा मोजलेला आहे. अमेरिकेत स्वरयंत्राचा कॅन्सर असलेल्या पाचशेहून अधिक रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनंतर नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी शंभरातल्या ७० जणांचं स्वरयंत्र जागेवर होतं. रेडिएशन आणि सिस्प्लॅटिन एकत्र घेतलेल्यांमध्ये हा आकडा ८८ होता. म्हणजे अधिक माणसांचं स्वरयंत्र काढावं लागलं नाही. डोकं आणि मानेच्या कॅन्सरवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही दिसलं, की केमोची जोड दिल्याने पाच वर्षांनी दर शंभरामागे सहा-सात माणसं जास्त जिवंत राहतात. आकडा छोटा वाटेल. पण त्या सहा-सातांत आपला भाऊ किंवा आपली आई असू शकते.

हा उपचार सगळ्यांसाठी मात्र नाही. कॅन्सर अगदी सुरुवातीचा असेल तर नुसतं रेडिएशन किंवा छोटं ऑपरेशन पुरतं. रोगाने स्वरयंत्राची कूर्चा फोडून बाहेर मजल मारली असेल तर ऑपरेशन बरं ठरतं. सत्तरीच्या पुढे केमोच्या जोडीचा फायदा फारसा दिसत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा ऐकू कमी येत असेल तर सिस्प्लॅटिन सोसत नाही. अशा रुग्णांना रेडिएशनसोबत डोसिटॅक्सेल हे दुसरं औषध देऊन मुंबईच्या टाटा रुग्णालयात अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचं प्रमाण नुसत्या रेडिएशनने शंभरात ३० होतं, या औषधाच्या जोडीने ४२ झालं. म्हणून "सिस्प्लॅटिन चालणार नाही" असं सांगितलं तर "मग दुसरं कोणतं औषध देता येईल?" हे डॉक्टरांना जरूर विचारावं. प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. बाबासाहेबांनी आपल्याला विचारायलाच शिकवलं आहे.

सात आठवड्यांचं वेळापत्रक

उपचार सुरू होण्याआधी दात तपासतात. किडलेले दात आधीच काढतात, कारण रेडिएशननंतर जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही. रक्ताची आणि मूत्रपिंडाची तपासणी होते, बऱ्याच ठिकाणी कानाचीही होते. मग गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर व मानेवर बसवून साचा तयार करतात. रोज तोच साचा लावून झोपवतात, म्हणजे मान हलत नाही आणि किरण नेमके त्याच जागी पडतात. जाळीतून श्वास घेता येतो. पहिल्या दिवशी जीव गुदमरल्यासारखा वाटतो, तो दोन-तीन दिवसांत सवयीचा होतो.

रेडिएशन सोमवार ते शुक्रवार, रोज थोडा वेळ. प्रत्येक दिवशी साधारण २ ग्रे, असे पस्तीस दिवस मिळून ७० ग्रे. "ग्रे" हे किरणांचं माप आहे, जसं दुधाचं लिटर. एकदम सगळं देत नाहीत, कारण दोन डोसांच्या मधल्या वेळात चांगल्या पेशी सावरतात. कॅन्सरच्या पेशींना तेवढं नीट सावरता येत नाही.

सिस्प्लॅटिन कुठे दर तीन आठवड्यांनी मोठ्या मात्रेत देतात, कुठे दर आठवड्याला लहान मात्रेत. रुग्णाचं वय, ताकद आणि तपासण्या पाहून डॉक्टर ते ठरवतात. शेजारच्या खाटेवरच्याला तीनच सलाईन आणि आपल्याला सहा का, म्हणून मन खट्टू करू नये.

खाडा का नको?

कामावर खाडा पडला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. रेडिएशनमध्ये खाडा पडला तर त्याहून मोठं नुकसान होतं. उपचार सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी उरलेल्या कॅन्सरच्या पेशी अधिक वेगाने वाढू लागतात. नेमक्या त्याच वेळी तोंडाला फोड येतात आणि माणूस म्हणतो, "आठ दिवस आराम करतो, मग जातो." उपचार जितका लांबतो त्यातल्या प्रत्येक दिवसामागे रोग ताब्यात येण्याची शक्यता सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते. आठ दिवसांचा आराम म्हणजे किती, हे आपणच गुणून पाहावं.

यंत्र बंद पडलं, सणाची सुट्टी आली किंवा ताप आला, तर बुडालेला दिवस भरून काढायचे मार्ग डॉक्टरांकडे असतात. ते शनिवारी बोलावतात किंवा एका दिवसात सहा तासांच्या अंतराने दोनदा देतात. पण त्यासाठी आपण त्यांना सांगायला हवं. न सांगता घरी बसणं, हा खरा खाडा.

त्रास कधी होतो, काय करावं?

पहिले दोन आठवडे बरे जातात. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड कोरडं पडतं, चव जाते, फोड येतात, लाळ चिकट होते. शेवटचा आठवडा आणि उपचार संपल्यानंतरचे दोन आठवडे सगळ्यात कठीण असतात. हे आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही. त्रास म्हणजे उपचार फसला, असा त्याचा अर्थ नाही.

*तोंड :* एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा खाण्याचा सोडा घालावा. त्याच्या गुळण्या जाग असेपर्यंत दर दोन तासांनी कराव्यात. ब्रश मऊ हवा. दुकानातली झोंबणारी माऊथवॉश नको.

*जेवण :* तिखट, आंबट, गरम बंद. नाचणीची किंवा तांदळाची पेज, मुगाचं वरण, दूध, दही चालत असेल तर तेही, पिकलेलं केळं, उकडलेलं अंडं वरणात कुस्करून, मटणाचं बिनतिखट सूप. थोडं थोडं, दिवसातून सात-आठ वेळा. आठवड्याला वजन करून वहीत लिहावं. वजन उतरत चाललं तर डॉक्टर नाकातून पोटात नळी घालतात. नळी म्हणजे शेवट आला, असं वस्तीत समजतात. तसं नाही, पोटात अन्न जावं म्हणूनच ती असते. गिळता येऊ लागलं की काढतात. नळीतून देताना रुग्णाला बसवून द्यावं, नंतरही अर्धा तास बसवावं आणि प्रत्येक वेळी शेवटी साधं पाणी सोडून नळी धुवावी. नळी असली तरी थोडं पाणी गिळण्याचा सराव डॉक्टरांना विचारून चालू ठेवावा, नाहीतर घसा गिळणं विसरतो.

*कातडी :* मानेवर हळद, चंदन, बाम, पावडर काही लावू नये. वस्तरा फिरवू नये. कॉलर नसलेला सुती सदरा घालावा, उन्हात मान झाकावी. केमोच्या या औषधाने डोक्याचे सगळे केस सहसा जात नाहीत. दाढीचे जातात, कारण तिथे किरण पडतात.

*मूत्रपिंड :* सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला जड जातं. त्यामुळे सलाईन भरपूर देतात आणि घरीही पाणी भरपूर प्यावं लागतं. मेडिकलमधून आपल्या मनाने अंगदुखीची गोळी आणून घेऊ नये. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या या काळात मूत्रपिंडाचं आणखी नुकसान करतात. दुखणं अंगावरही काढू नये. दुखण्यावरचं चांगलं औषध रुग्णालयात मिळतं, ते मागावं.

ताबडतोब रुग्णालय गाठा

ताप १००.४ अंशांवर गेला, थंडी वाजली, दिवसभर उलटी थांबत नाही, पाणीही आत राहत नाही, लघवी फार कमी झाली, कानात शिट्टी वाजू लागली, तोंडातून रक्त आलं किंवा श्वास घेताना घरघर होऊ लागली, तर सकाळची वाट बघू नये. केमोत पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा साधा तापही जिवावर बेततो. तातडीच्या विभागात गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगावं : "पेशंटची केमो आणि रेडिएशन चालू आहे."

वेगळं ताट नको

एका घरात आम्ही पाहिलं, आजोबांचं ताट, पेला आणि अंथरूण वेगळं केलं होतं आणि नातवाला जवळ जाऊ देत नव्हते. "किरणं लागतात" म्हणे. बाहेरून दिलेल्या या रेडिएशनने रुग्णाच्या अंगात किरण उरत नाहीत. यंत्र बंद झालं की किरण संपले. कॅन्सर एका ताटात जेवल्याने लागत नाही. नातवाने आजोबांच्या मांडीवर खुशाल बसावं. घरात कुणाला सर्दी-ताप असेल तर त्याने मात्र रुग्णापासून दूर राहावं, कारण धोका रुग्णाला असतो.

वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्या आजी-पणजीला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो पेला आपण आपल्याच आजारी माणसासमोर ठेवायचा नाही. तथागतांनी आनंदासोबत एका आजारी, घाणीत पडलेल्या भिक्खूला स्वतःच्या हातांनी आंघोळ घातली आणि संघाला आजाऱ्याची सेवा करायला सांगितलं. आपला धम्म तो आहे.

पैसा, प्रवास, मुक्काम

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारत योजनेत कॅन्सरची केमो आणि रेडिएशन येते. रेशन कार्ड, आधार कार्ड आणि तपासणीचे कागद घेऊन योजनेतल्या रुग्णालयात "आरोग्यमित्रा"ला भेटावं. नावात किंवा वयात फरक असेल तर तो पहिल्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्यावा. मधेच कागद अडला की खाडा पडतो. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो, तिथे संकोच न करता जावं. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात सवलत आहे, त्याचा अर्ज रुग्णालयातून भरून मिळतो. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात उपचार असतील तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावच्या रुग्णांची सोय होते. नागपूरकडच्या लोकांना राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय जवळचं आहे. उपचार शक्यतो घरापासून रोज जाता येईल अशा ठिकाणी घ्यावा. पस्तीस वेळा जायचं आहे, हे आधीच धरून चालावं.

वस्तीने काय करावं?

दादांच्या नंतर आमच्याच वस्तीतल्या एका मावशींना घशाचा कॅन्सर निघाला. धुणी-भांडी करणाऱ्या, वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या. या वेळी आम्ही पहिल्या दिवशीच त्यांच्या घरी बसून वर लिहिलेलं सगळं सांगितलं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पस्तीस चौकोन आखले आणि दाराजवळ लावले. महिला मंडळाने सोबतीच्या पाळ्या लावल्या. रिक्षावाल्या दोन पोरांनी सकाळची फेरी वाटून घेतली. विहारात रविवारी वंदनेनंतर जमतील तसे पैसे जमले, त्यातून मावशींच्या घरचं भाडं आणि दूध भागलं. एकविसाव्या दिवशी मावशी म्हणाल्या, "आता नको गं बाई, मरू द्या मला." त्या दिवशी शेजारच्या आत्याबाई त्यांच्या अंथरुणाशी बसल्या, काही बोलल्या नाहीत, आणि सकाळी हात धरून त्यांना रिक्षात बसवलं. पस्तिसावा चौकोन मावशींनी स्वतः खडूने रंगवला. आज दीड वर्ष झालं. आवाज थोडा जाड आहे, भाकरी दुधात कुस्करून खातात, तपासण्या चालू आहेत. आता पुन्हा कधीच होणार नाही, असं आम्ही म्हणत नाही. पण त्यांना मिळायची ती पूर्ण संधी मिळाली.

उपचार संपल्यावर

साधारण तीन महिन्यांनी स्कॅन करून रोग गेला का ते बघतात. पुढे पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी असते, मग अंतर वाढत जातं. मानेवर किरण पडल्याने थायरॉईड मंद होऊ शकतं, म्हणून सहा महिने ते वर्षातून एकदा त्याची रक्ततपासणी करावी. दात काढायची वेळ आली तर, दहा वर्षांनी का होईना, दंतवैद्याला "मानेला रेडिएशन झालंय" हे आधी सांगावं. तोंड उघडण्याचे आणि गिळण्याचे व्यायाम रोज करावेत. आणि तंबाखू, दारू कायमची बंद. उपचार चालू असताना विडी ओढली तर रेडिएशनचा गुणही कमी येतो.

पंचशीलातलं पाचवं शील आपण दर रविवारी हात जोडून म्हणतो. बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती पुडीलाही लावू या. आणि तरीही कुणी आजारी पडलाच तर "स्वतःच्या कर्माने झालं" म्हणून त्याला एकटं टाकू नये. तथागतांनी दुःखाचं कारण सांगितलं ते कुणाला दोष द्यायला नाही. कारण समजलं की दुःखातून बाहेर पडायचा मार्ग सापडतो म्हणून सांगितलं.

तुमच्या वस्तीत कुणाचा आवाज तीन आठवड्यांपासून बसलाय का? आज संध्याकाळी एक फेरी मारून विचारा. कुणाची केमो-रेडिएशन चालू असेल तर त्यांच्या घरी जाऊन पस्तीस चौकोन आखून द्या, आणि उद्या सोबत कोण जाणार ते आजच ठरवा.

नमो बुद्धाय! जय भीम!